गोड्या मसाल्याची जोडणी: एक लघुप्रबंध

ओमानमधल्या मत्रहच्या सूकमागे (सूक म्हणजे बाजार) आमच्या इमारतीत मराठी बिऱ्हाडं चार आणि गोड्या मसाल्याचा डबा एक. तो दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे असतो. आमटी उकळायला लागली की ज्याने त्याने वाटी घेऊन काकूंचं दार गाठायचं. ही पद्धत शास्त्रशुद्ध आहे काय, एवढाच प्रस्तुत प्रबंधाचा विषय. संगणकशास्त्र हिला डायनॅमिक लिंकिंग म्हणतं: लायब्ररीची प्रत एकच, प्रोग्रॅम सुरू होताना लोडरने ती शोधून जोडून द्यायची. उलट पुण्याहून येताना प्रत्येकाने किलोभर मसाला बॅगेत कोंबला, तर ते स्टॅटिक लिंकिंग. बॅग फुगते, पण कुणाच्या दाराशी जावं लागत नाही.

पूर्वपक्ष म्हणतो, सामायिक डबाच श्रेष्ठ. जाळी धरली तर चाळायचा डबा एकच. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या लायब्ररीतलं हार्टब्लीड नावाचं भगदाड उघडकीस आलं, तेव्हा डायनॅमिकवाल्यांनी लायब्ररी बदलली, प्रोग्रॅम पुन्हा सुरू केले. ज्यांनी ती पोटात घेतली होती त्यांना एकेक प्रोग्रॅम नव्याने बांधावा लागला.

उत्तरपक्षाला पुरावा याच गावात सापडतो. सूकमध्ये एके काळी रुपया चालायचा. १९५९ पासून आखातासाठी वेगळ्या नोटा निघाल्या; दहाची लाल, नंबराआधी झेड. छपाई वेगळी, मोल मात्र मुंबईच्या डब्यातलं. ६ जून १९६६ ला दिल्लीने अवमूल्यन केलं, डॉलर ४.७६ रुपयांवरून ७.५० वर गेला. इथल्या खजूरवाल्याने काहीही न करता त्याचा गल्ला हलका होण्याची वेळ आली! कतार आणि आजच्या अमिरातीतली राज्यं रुपया सोडून मोकळी झाली. ओमानने नोटा त्याच ठेवल्या, पण जुन्याच दराने चालवल्या, आणि १९७० मध्ये स्वतःचा रियाल आणला. जुनी आवृत्ती गोठवून वापरण्याचं याहून सुबक उदाहरण प्रस्तुत लेखकाला ठाऊक नाही. (रियालाचे हजार बैसे, बैसा म्हणजे आपलाच पैसा.) अर्थात १९७३ पासून रियाल डॉलरला बांधलेला आहे, तेव्हा स्टॅटिकवाल्यांनी मिशीला फार पीळ देऊ नये.

आता मूळ प्रकरण. गेल्या रमजानात काकूंनी सुनेच्या माहेरचा, नागपूरचा मसाला त्याच डब्यात ओतला. शुक्रवारी चारही घरांत एकदम आमटी तिखट.

"काकू, डब्यात काही बदललंत का?"

"छे रे! डबा तोच आहे."

लायब्ररीवाल्यांचाही जबाब नेमका हाच असतो. म्हणून तर ते नावापुढे आवृत्तीचा आकडा लावतात. मी डब्यावर चिकटपट्टी लावून 'गोडा २' लिहिलं. काकू दोन दिवस बोलल्या नाहीत.

सध्या त्या महिनाभर पुण्याला गेल्या आहेत. काल वाटी घेऊन गेलो तर दाराला कुलूप, आणि तिसऱ्या मजल्यावरचे भाऊ आधीच तिथे वाटी घेऊन उभे.