सहल उपविभाग

भाऊजींच्या कपाटात नाडीची एक फाईल आहे. वर त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलं आहे : ‘विषय – खोपोली येथील थीम पार्कला सहकुटुंब भेट देणेबाबत.’ खाली तारीख. ती तारीख सई दुसरीत असतानाची आहे. सई आता आठवीत आहे. मधल्या काळात त्या पार्कची मालकी बदलली, फाईल बदलली नाही.

भाऊजी म्हणजे आमच्या ताईचे यजमान. जलसंपदा खात्यात उपअभियंता. फाईलला ते ‘नस्ती’ म्हणतात, आणि तेही घरात. ताई एकदा भाजी चिरता चिरता सहज बोलून गेली, “मुलांना घेऊन जाऊ या का हो इमॅजिकाला?” चारचौघांच्या घरात याला ‘हो’ नाहीतर ‘बघू’ असं उत्तर मिळतं. भाऊजींनी विचारलं, “प्रस्ताव आहे की नुसती चर्चा?” ताई म्हणाली, “प्रस्ताव.” इतकी वर्षं संसार केलेल्या बाईने इतकं बेसावध राहायला नको होतं.

रात्री जेवणं उरकायच्या आत अंदाजपत्रक तयार. प्रशासकीय मान्यता माईंची, म्हणजे भाऊजींच्या आईंची. तांत्रिक मान्यता ताईची. त्यात डबे, जादा कपडे आणि गाडी लागण्याच्या गोळ्या. डिझेल वाढलं, तिकीट वाढलं, की सगळा खर्च नव्याने मांडून पुन्हा माईंपुढे न्यायचा. याला खात्यात ‘सुप्रमा’ म्हणतात : सुधारित प्रशासकीय मान्यता. महाराष्ट्रातल्या कित्येक धरणांना ती पुन्हा पुन्हा घ्यावी लागली आहे. माईंनी तर या सहलीसाठी इतक्या वेळा सही केली की पुढे पुढे त्या चष्मा न लावताच करायला लागल्या. खात्यातही असंच चालतं का, हे मी भाऊजींना कधी विचारलं नाही.

तुम्ही म्हणाल, माणूस चिकट असेल. मुळीच नाही. मुलांच्या हौसेला त्यांनी कधी हात आखडता घेतला नाही. आळशी म्हणावं, तर सुट्टीच्या दिवशी पहाटे उठून ते नकाशा काढत बसतात. चिकट माणूस सहल टाळतो, आळशी माणूस पुढे ढकलतो. भाऊजींना जायचंच असतं, फक्त निर्दोष जायचं असतं. रांगेत अर्धा तास उभं राहणं हा त्यांच्या मते अनुभव नव्हे, ती गळती. कालव्यातून पाणी झिरपतं तसा सहलीतून वेळ झिरपतो, आणि तो अडवणं हे त्यांचं जीवितकार्य.

याचं मूळ गोराईला आहे. तिथलं पार्क १९८९ साली सुरू झालं, आणि भाऊजी सहावीत असताना त्यांच्या शाळेची सहल पुण्याहून तिकडे गेली. खाडी बोटीतून ओलांडायची, पोरं हरखलेली. उतरल्यावर सरांनी जोड्या लावल्या आणि डोकी मोजली. एक मूल कमी भरलं. पुन्हा मोजली. तरी कमी. मग वर्गवार उभं करून हजेरी झाली, तेव्हा उलगडा झाला की पोर हरवलेलं नसून सरांनी पुण्यात लिहून घेतलेला आकडाच चुकला होता. तोवर जेवणाची वेळ झाली. जेवण झाल्यावर पुन्हा मोजणी. भाऊजींच्या वाट्याला त्या दिवशी एक लाकडी घोडा आणि एक केळं आलं. घोडासुद्धा खाली-वर न होणाऱ्यांतला. ते पार्क आता बंद झालं, पण त्या घोड्याचा हिशेब अजून मिटलेला नाही.

तर तारीख. डिसेंबर-जानेवारी बाद, कारण ते शाळांच्या सहलींचे महिने. शालेय सहलींना एसटीच्या भाड्यात निम्मी सवलत मिळते, म्हणजे जिल्ह्याजिल्ह्यांतून लाल गाड्या येणार आणि प्रत्येकीतून डोकी मोजणारे एक सर उतरणार. भाऊजींना तो देखावा सोसवत नाही. मे बाद : ऊन, घाम आणि अख्खा महाराष्ट्र. जून ते सप्टेंबर बाद. खोपोली बोरघाटाच्या पायथ्याशी, तिथला पाऊस पाणीवाल्या माणसाला काय सांगायचा! विजा चमकायला लागल्या की उघड्यावरचे पाळणे थांबवतात. दिवाळीची सुट्टी सगळ्यांनाच असते, म्हणून तीही बाद. उरला मार्च-एप्रिल. पण सई स्टेट बोर्डाच्या शाळेत आणि चिनू सीबीएसईच्या. एप्रिलमध्ये हिची वार्षिक परीक्षा आणि त्याचं नवं वर्ष सुरू. भाऊजी शोधत होते तो दिवस म्हणजे आपल्या दोन्ही मुलांना सुट्टी आणि उरलेल्या महाराष्ट्राला शाळा, असा एखादा मंगळवार.

आणि तो सापडलासुद्धा! स्थानिक सुट्टी, शाळेचा स्थापना दिन असं काहीबाही जुळवून त्यांनी एक मंगळवार खणून काढला. पेढे वाटायचेच बाकी होते. मग माईंनी पंचांग उघडलं. माईंची मान्यता सशर्त होती : पार्क खोपोली-पाली रस्त्यावर आहे, अलीकडे महडचा वरदविनायक, पलीकडे पालीचा बल्लाळेश्वर, इतक्या लांब जाऊन अष्टविनायकांतल्या दोघांना न भेटता परत येणं माईंना जमणार नव्हतं. आणि त्या मंगळवारी अंगारकी होती. दर्शनाची रांग किती असेल याचा भाऊजींनी अंदाज केला आणि नस्ती निमूटपणे कपाटात ठेवली.

शनिवार-रविवारच का नको, असं मी एकदा विचारलं. त्यावर त्यांनी जे सांगितलं ते मात्र खरोखर मोलाचं होतं, पुणेकरांनी कात्रण काढून ठेवावं असं. शनिवारी सकाळी द्रुतगती मार्गावर मुंबईकर घाट चढत असतात, तेव्हा पुण्याहून निघालेला माणूस उतरत असतो. रविवारी संध्याकाळी ते उतरतात, तेव्हा आपण चढतो. त्यांची रांग आपण काचेतून बघायची. “देवाने पुणेकराला दिलेली ही दिशा आहे,” भाऊजी म्हणाले. पण मग, जो मुंबईकर लोणावळ्याला न जाता खोपोलीलाच थांबेल त्याचं काय? हे त्यांनीच स्वतःला विचारलं आणि शनिवारही बाद झाला.

एवढ्यावर भागलं असतं, पण उंची आली. मोठ्या रोलर कोस्टरला साधारण १४० सेंटीमीटर लागतात. खांद्यावरून येणारी ती पकड मोठ्या शरीराच्या मापाची असते, त्यात छोटं मूल नीट बसत नाही. प्रवेशापाशी पट्टी रंगवलेली असते आणि तिथला माणूस ओळखदेख जाणत नाही. सई पाचवीत असताना १३६ भरली. मुलं या वयात वर्षाला पाच-सहा सेंटीमीटर वाढतात हे भाऊजींनी डॉक्टरांकडून लेखी नाही तरी तोंडी घेतलं, आणि स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या खुणा सुरू झाल्या. खुणेशेजारी तारीख आणि सही. पाणीपातळी मोजतात तशी दर महिन्याच्या एक तारखेला पोरं मोजली जाऊ लागली. सईने १४० ओलांडले तेव्हा चिनू १२० च्या खाली होता. ती बसणार आणि हा खाली उभा राहून भोकाड पसरणार, हे वडिलांच्या काळजाला मानवेना. चिनू मोठा होईपर्यंत थांबायचं ठरलं. मग भाऊजींनी आलेख कागदावर काढला. चिनू १४० ला पोहोचतो तेव्हा तो असतो सहावीत, आणि त्या वर्षी सई दहावीत. दहावीच्या वर्षी मराठी घरात हसतसुद्धा नाहीत, तर रोलर कोस्टर कुठला!

असे आकडे जुळेनासे झाले की भाऊजी इतिहासाकडे वळतात. जेवताना त्यांची आवडती गोष्ट म्हणजे अमेरिकेतल्या डिस्नेलँडच्या उद्घाटनाची. १७ जुलै १९५५, अनाहाइम. निमंत्रितांचाच दिवस, पण खोटी निमंत्रणं छापली गेली आणि अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त माणूस आत शिरला. प्लंबरांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे नळ पुरे बसले नव्हते. नुकतंच घातलेलं डांबर उन्हाने मऊ झालं आणि बायकांच्या उंच टाचा त्यात रुतायला लागल्या. “कारण काय?” भाऊजी पोळीचा तुकडा हातात धरून विचारतात. मुलांना उत्तर पाठ आहे. “रविवार होता!” दोघंही एका सुरात म्हणतात. “रविवार!” भाऊजी म्हणतात. “एवढा मोठा माणूस, आणि रविवारी उघडतो!”

शेवटी सई गेलीच. शाळेच्या सहलीने. डिसेंबरात, लाल एसटीने, तीनदा डोकी मोजून घेत. मोठ्या रोलर कोस्टरमध्ये बसली, किंचाळली, परतताना खिडकीला डोकं टेकून झोपली. घरी आल्यावर भाऊजींनी तिला समोर बसवून रांगांच्या वेळा लिहून घ्यायला सुरुवात केली. ती म्हणाली, “बाबा, आठवत नाही, आम्ही रांगेत गाणी म्हणत होतो.” त्यांनी लिहिलं : ‘माहिती उपलब्ध नाही.’

चिनूने मात्र घर डोक्यावर घेतलं. ताईने त्याच रात्री गॅसजवळ उभ्या उभ्या, कुकरची तिसरी शिट्टी व्हायच्या आत, फोनवर सगळ्यांची तिकिटं काढली. पुढच्या महिन्यातल्या एका शनिवारची. मलाही धरून. मग भाऊजींना कळवलं. ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, “कार्योत्तर मंजुरी घ्यावी लागेल,” आणि माईंकडे गेले.

त्यांची योजना तेवढ्यात लॅमिनेट होऊन आली. पार्क उघडल्यावर गर्दी दारालगतच्या राइडला चिकटते, म्हणून आपण तडक शेवटच्या टोकाला जायचं आणि तिथून उलटं यायचं. लोक जेवायला बसतात तेव्हा मोठ्या राइड उरकायच्या. त्यासाठी आपण अकराच्या आत पार्किंगमध्ये दशम्या खायच्या. तिसऱ्या प्रहरी, उन्हं रणरणत असताना, थंड हवेतले खेळ. खरं सांगतो, योजनेत बोट ठेवायला जागा नव्हती. फक्त तिच्यात माणसं होती.

चिनूला आत शिरल्या शिरल्या एकमेकांवर आपटणाऱ्या बोटी दिसल्या. तो पुन्हा पुन्हा तिथेच जाऊन बसला. शेवटचं टोक त्याने अजून पाहिलेलं नाही. सई आदल्याच महिन्यात मैत्रिणींबरोबर येऊन गेल्यामुळे कानात बोळे घालून, आपण या लोकांबरोबर नाही अशा अंतरावर चालत होती. आणि माईंना ‘मिस्टर इंडिया’ सापडला. १९८७ चा तो सिनेमा त्यांनी थिएटरात पाहिलेला. त्यावरची राइड करून बाहेर आल्या त्या सरळ पुन्हा रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. ताई त्यांच्यामागे. महड आणि पाली दोन्ही राहिलं, आणि माईंनी त्याचा विषयही काढला नाही.

भाऊजी एका बाकावर बसले. सगळ्यांच्या पिशव्या, बाटल्या, स्वेटर (डिसेंबर गेला तरी ताई स्वेटर घेतेच) गळ्यात लेसला अडकवलेली शिट्टी आणि मांडीवर तो लॅमिनेट केलेला कागद. मी शेजारी टेकलो. म्हटलं, “भाऊजी, तुम्ही एका तरी खेळात बसा.” म्हणाले, “अरे, डिस्नेला ही सगळी कल्पना सुचली कशी, माहिती आहे? लॉस एंजेलिसला ग्रिफिथ पार्कात मुली गोल फिरणाऱ्या घोड्यांवर बसायच्या आणि हा बाप बाकावर शेंगदाणे खात बसायचा. तिथे.” आणि त्यांनी खिशातून शेंगदाण्याची पुडी काढली. ती यादीत होती.

इतक्यात एक सोलापूरकडचं कुटुंब समोर थांबलं. सात-आठ माणसं, भांबावलेली. कागद, शिट्टीची लेस आणि पिशव्यांचा डोंगर पाहून त्यांना भाऊजी पार्कचेच कुणी वाटले. “साहेब, कुठनं सुरुवात करावी ओ?” भाऊजींनी वर पाहिलं. पोरांची उंची नजरेने मापली, घड्याळ बघितलं आणि बोलायला लागले. मी त्यांना खात्यात कधी पाहिलेलं नाही, पण ते तिथे फार चांगले अधिकारी असले पाहिजेत. त्यांचं संपेपर्यंत मागे आणखी दोन कुटुंबं उभी होती. एका गृहस्थांनी कागदाचा फोटो काढून घेतला. दुपारपर्यंत त्या बाकापाशी रांग लागली. भाऊजींनी आयुष्यभर जी चुकवली ती रांग, आणि ती त्यांच्यासाठीच.

संध्याकाळी सोलापूरकर परत आले. त्यांचं सगळं पार्क झालं होतं, कुठे खोळंबा नाही, पोरं ओली आणि खूश. शेंगाचटणीची एक पिशवी त्यांनी भाऊजींच्या हातात ठेवली. परतीच्या घाटात भाऊजी म्हणाले, “प्रकल्प यशस्वी झाला. फक्त पाणी दुसऱ्याच लाभक्षेत्रात गेलं.” आमच्या खात्यात हे होतं अधूनमधून, असंही म्हणाले.

जुनी नस्ती आता बंद झाली आहे. नवी उघडली आहे, हैदराबादची : एक दिवस वंडरला, एक दिवस रामोजी फिल्म सिटी. माईंची पहिली सही झाली. चिनू सध्या १३१ आहे. गाडी सतरा आसनांची ठरते आहे आणि तिच्यात अजून काही जागा रिकाम्या आहेत. इच्छुकांनी मुलांचं बोर्ड आणि उंची कळवावी. उंची बूट काढून मोजलेली असावी. केस धरले जाणार नाहीत.