साठ घोडे, एक मोतद्दार

गोव्यात १९९८च्या सुमारास ‘सॅन स्टॉर्म’ नावाची दोन सीटांची, टप उघडणारी गाडी निघाली. अंग फायबरचं, इंजिन रेनॉचं, ११४९ सीसी, ताकद साठेक घोड्यांची. लोणंदात ती आज सांभाळायची म्हणजे घोडे साठ आणि मोतद्दार एकच, तोही स्वतः मालक.

फायबरला गंज चढत नाही, हे आमचे शेजारी अण्णा पाहुण्यांना आवर्जून ऐकवतात. नटबोल्टांचा विषय निघाला की मात्र चहा मागवतात. हेच इंजिन युरोपात क्लिओ, ट्विंगोला बसायचं. त्यामुळे एका वॉशरसाठी अण्णांची नजर थेट पॅरिसकडे. शेवटी कांद्याची ट्रॉली घेऊन निघालेला ट्रॅक्टरवाला थांबतो, खिशातला वॉशर काढून म्हणतो, “ह्यो बसतोय का बघा.” बसतो. फ्रान्सचा अपमान अण्णा मुकाट गिळतात.

आषाढात माउलींसोबत लाखो माणसं लोणंदहून तरडगावला पायी जातात. ही गाडी स्टेशनपर्यंत गेली तरी अण्णा पेढे वाटतात. परवा ती चक्क नीरेपर्यंत धावली! येताना पाऊस आला, टप मिटेना. अण्णा चिंब, पण चेहऱ्यावर नवरदेवाचं तेज. दारात वहिनी टॉवेल घेऊन उभ्या. अण्णांनी तो घेतला आणि आधी सीट पुसली.