आवश्यक तेवढंच

नवीन लॅपटॉपवर कुठली सॉफ्टवेअरं टाकावीत याच्या याद्या हल्ली मागाल तेवढ्या मिळतात. ब्राउझर आपल्या आवडीचा घ्या, नोंदी ठेवायला एखादं सुटसुटीत ॲप घ्या, गाण्यांसाठी हे, फोटोंसाठी ते; नको असलेलं सगळं काढून टाका, म्हणजे लॅपटॉप हलका राहतो. सल्ला उत्तम आहे. तो देणारा माणूस भोसरी एमआयडीसीत कधी आलेला नाही, एवढाच त्याचा दोष.

आमचा इथे एक गाळा आहे. दोन व्हीएमसी, एक सीएनसी टर्निंग मशीन आणि कोपऱ्यात काचेचं पार्टिशन घालून केलेलं ऑफिस. माल जातो चाकणला. चाकणवाले तो जोडून पुढच्या कंपनीला देतात आणि ती कंपनी गाडी बनवते. या उतरंडीत जो तो आपलं सॉफ्टवेअर खालच्याच्या गळ्यात मारतो. आमच्या खाली फक्त डीबरिंग करणाऱ्या बायका आहेत. त्यांच्याकडे कानस असते आणि तिला अपडेट लागत नाही. त्यामुळे वरून आलेलं सगळं आमच्यापाशी येऊन साचतं.

जुना लॅपटॉप व्यवस्थित चालत होता. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज टेनचा पाठिंबा संपला आणि चाकणहून सायबर सुरक्षेची प्रश्नावली आली. पुरवठादाराकडे विंडोज इलेव्हनच पाहिजे. इलेव्हनला टीपीएम २.० नावाची चिप लागते, ती आमच्या लॅपटॉपात नव्हती. घेतला नवा. आता याच चाकणच्या कंपनीचं माल पाठवायचं पोर्टल इंटरनेट एक्सप्लोररशिवाय उघडत नाही. एक्सप्लोरर १५ जून २०२२ ला वारला. त्याच्या नावाने एज ब्राउझरमध्ये ‘आयई मोड’ ठेवला आहे. पोर्टलचा पत्ता त्यात नोंदवला की ३० दिवस चालतो, मग नोंद आपोआप उडते. दर महिन्याला मासिक घालावं तसं आम्ही ते करतो. सुरक्षेची प्रश्नावली पाठवणारा विभाग आणि पोर्टल सांभाळणारा विभाग एकाच मजल्यावर बसतात असं ऐकून आहे.

हे पोर्टल टाळताही येत नाही. टेम्पो निघण्याआधी त्यावर एएसएन करावं लागतं, म्हणजे माल येतोय अशी आगाऊ सूचना. त्यातून बारकोडचं लेबल निघतं आणि ते प्रत्येक क्रेटवर लागतं. लेबल नसेल तर गेटवरचा माणूस टेम्पो आत सोडत नाही, मग मालाचं माप मायक्रॉनात बरोबर असो. लेबलला वेगळा प्रिंटर, प्रिंटरला वेगळा ड्रायव्हर. ड्रायव्हर सीडीवर आला. लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नाही.

सीडी ड्राइव्ह नाही असं तरी कसं म्हणू? डिजिटल सहीचं टोकन लावलं की स्क्रीनवर सीडी ड्राइव्ह दिसायला लागते. टोकनचा ड्रायव्हर टोकनच्याच पोटात असतो आणि तो सीडीचं सोंग घेऊन बाहेर येतो. ही माझी सही, कायद्याने माझ्या हाताइतकी माझी. ती असते सीएच्या ऑफिसात, ड्रॉवरमध्ये, इतरांच्या सह्यांबरोबर रबर बँडात बांधलेली, वर माझ्या नावाची चिकटपट्टी. नव्या लॅपटॉपवर तिची जोडणी करायची म्हणून मी ती मागितली, तर तिथल्या मुलाने मला ओळखपत्र विचारलं.

एक्सेलचंही तसंच. लिब्रेऑफिस फुकट मिळतं आणि माझ्या गरजेपुरतं भरपूर आहे. पण पीपॅपची, म्हणजे पार्टच्या मंजुरीची, फाइल कंपनीकडून येते ती मॅक्रोंनी भरलेली, आणि तिची बटणं लिब्रेऑफिसात नुसती शोभेला राहतात. म्हणून एक्सेल विकत घेतलं. तर २०२२ पासून बाहेरून आलेल्या फाइलीतले मॅक्रो एक्सेलच अडवतं. फाइलवर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, अगदी तळाशी ‘अनब्लॉक’ची बारीक चौकट, तिथे टिक. प्रश्नावलीत स्पष्ट विचारलं होतं, ‘अनोळखी मॅक्रो तुमचे कर्मचारी सुरू करतात का?’ आम्ही ‘नाही’ लिहिलं. ती प्रश्नावलीसुद्धा मॅक्रोवर चालणारी होती.

ड्रॉइंग बघायला एक सॉफ्टवेअर, थ्रीडी मॉडेल फिरवून बघायला दुसरं. दोन्ही टाकली. तातडीचं ड्रॉइंग येतं व्हॉट्सॲपवर, कागदाच्या फोटोच्या रूपात. नेमका बोअरच्या टॉलरन्सवर कुणाचा तरी अंगठा असतो.

टॅलीबद्दल मात्र तक्रार नाही. १९८६ साली यंत्रांचे सुटे भाग पुरवणाऱ्या श्यामसुंदर गोएंकांना मनासारखं हिशेबाचं सॉफ्टवेअर मिळेना, तेव्हा त्यांच्या मुलाने, भरत गोएंकांनी, ते लिहून दिलं. धंदा बराचसा आमच्यासारखाच. ही गोष्ट मी माझ्या मुलाला मुद्दाम सांगितली. तो म्हणाला, “मग आता आहे ना ते, बाबा.”

अँटिव्हायरसचा विषय थोडक्यात आटोपतो. लॅपटॉपबरोबर एक आलेला होता, तो काढता काढता दिवस गेला; सीएने सुचवलेला दुसरा घातला, त्याने लेबलच्या प्रिंटरलाच व्हायरस ठरवलं. पुण्यात क्विक हील अँटिव्हायरसची पायाभरणी कैलास काटकरांच्या कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात झाली. कॅल्क्युलेटर होते तेव्हा बरंच काही दुरुस्त होत असे.

आता मदत करणाऱ्यांकडे येतो. यातलं काहीही अडलं की फोन लावायचा आणि समोरचा म्हणतो, “सर, रिमोट देता का?” टॅलीवाला मुलगा एनीडेस्क मागतो, पोर्टलच्या हेल्पडेस्कला टीमव्ह्यूअर लागतं, मशीनवाल्याचा अल्ट्राव्ह्यूअरशिवाय हात चालत नाही. तिन्ही टाकून ठेवली आहेत. एखाद्या दुपारी मी खुर्चीत नुसता बसलेला असतो, समोर बाण आपला आपण इकडून तिकडे धावत असतो आणि फोनवरून सूचना येते, “सर, माऊसला हात लावू नका.” लॅपटॉप माझ्या नावावर आहे, बिल जीएसटीसह माझ्याकडे आहे. वापर म्हणाल तर बाहेरच्यांचाच जास्त.

मी स्वतःसाठी टाकलं ते एकच: मराठी कीबोर्ड. गुरुवारी वीज बंद, एवढी नोटीस लावायची होती. जुनी नोटीस जुन्या फॉण्टमध्ये होती, ती नव्या लॅपटॉपवर उघडली तर नुसतीच चिन्हं, एक अक्षर वाचता येईना. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, भारतीय भाषा संगणकावर आणणारं सीडॅक १९८८ पासून पुण्यातच आहे, आणि आमची नोटीस शेवटी खडूने फळ्यावर लिहिली. सगळ्यांनी वाचली.

खरी अडचण शॉपफ्लोअरवर आली. जुन्या व्हीएमसीला प्रोग्रॅम जातो तो आरएस-२३२ केबलने. मशीनकडे पंचवीस पिना, लॅपटॉपकडे नऊ. नव्या लॅपटॉपला टाईप-सीची दोन भोकं आहेत आणि दुकानदाराने ती मोठ्या अभिमानाने दाखवली होती. कन्व्हर्टर आणला. त्याचा ड्रायव्हर टाकला. विंडोजने त्याला कॉम पोर्ट सात दिला. प्रोग्रॅम सोडायचं सॉफ्टवेअर फक्त एक ते चार ओळखतं. चार नंबर द्यायला गेलो तर तो आधीच वापरात आहे म्हणे. कोण वापरतंय ते विंडोजलाही माहीत नव्हतं. मामा, म्हणजे आमचे जुने ऑपरेटर, हे सगळं कॉटन वेस्टने हात पुसत बघत उभे होते. शेवटी म्हणाले, “साहेब, तुमचा राहू द्या ऑफिसात.” आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला, कूलंटचा वास येणारा त्यांचा एक्सपीचा लॅपटॉप काढला. एक्सपीचा पाठिंबा ८ एप्रिल २०१४ ला संपला, हे मामांना कोणी कळवलेलं नाही. बॉड रेट ९६००, एंटर, प्रोग्रॅम मशीनमध्ये. त्या लॅपटॉपला नेट नाही, मेल नाही, रिमोट तर नाहीच. कारखान्यातला सर्वांत सुरक्षित संगणक तोच, पण प्रश्नावलीत त्याच्यासाठी रकाना नव्हता.

एवढं सगळं बसल्यावर पोर्टल उघडलं आणि त्याने ओटीपी मागितला. लॅपटॉप नवा दिसला की ते रोज मागतं. ओटीपी जातो आमच्या आधीच्या अकाउंटंट मुलीच्या मोबाईलवर; लग्न होऊन ती बार्शीला गेली. नंबर बदलायचा अर्ज पोर्टलवरच करायचा असतो आणि त्यालाही ओटीपी लागतो. मुलगी गुणी आहे, फोन केला की लगेच आकडे सांगते. फक्त एकदा म्हणाली, “काका, सहाच्या आत करत जा. नंतर सासूबाईंची मालिका असते, फोन टीव्हीला जोडलेला असतो.” मधल्या काळात चाकणच्या कंपनीने ‘जस्ट इन टाइम’बद्दल आमचं कौतुक केलं. आमचा माल हल्ली साडेपाचच्या आत निघतो, आणि संध्याकाळची पाळी सुटायच्या आधी टेम्पो तळेगाव चौक ओलांडून जातो.