वांग आणि विमा

गालावर वांग असलेल्या माणसाने आरोग्य विमा विकू नये. मी विकतो. प्रस्तावाचा अर्ज उलगडून "आधीपासूनचा काही आजार?" असं विचारलं की समोरचा माणूस उत्तर द्यायचं सोडून माझ्याच गालांकडे बघतो. सीताबर्डीतल्या एका कापडवाल्याने माझं सगळं बोलणं शांतपणे ऐकलं, हप्ता विचारला, सूट विचारली आणि शेवटी आवाज खाली आणून म्हणाला, "सगळं बराबर आहे भाऊ, पण तुमच्या चेहऱ्याले काय झालं? लिव्हर दाखवलं का?" पॉलिसी त्याने घेतली नाही. लिव्हरच्या डॉक्टरांचा नंबर मात्र दिला.

आमच्या नागपुरात लिव्हर हे निदान फार लोकप्रिय आहे. पुरुषाच्या गालावर डाग म्हणजे तो पितो आणि बाईच्या गालावर डाग म्हणजे ती सोसते, असा सरळ हिशेब. मी पीत नाही असं सांगितलं, तर लोक आणखीच समजूतदारपणे मान हलवतात. लिव्हर सुटलं की टेन्शन, मग पोटातली उष्णता, आणि यातलं काहीच बसलं नाही तर शनी. मधुमेह असता तर कुणी इतक्या मोकळेपणाने विचारलं नसतं. रक्तातली साखर आपली स्वतःची असते, चेहरा मात्र गावाच्या मालकीचा.

घरात पहिला ताबा सासूबाईंनी घेतला. त्यांनी सहाण काढली, दुधात जायफळ उगाळलं आणि रोज रात्री तो लेप माझ्या गालांवर चढू लागला. खोलीभर बासुंदीचा घमघमाट. मुलगा मध्येच उठून फ्रिज उघडून बघायचा आणि निराश होऊन परत झोपायचा. पुढे मसुराच्या डाळीचं पीठ आलं, बटाट्याचा रस आला, रक्तचंदन आलं. समोरच्या काकूंनी लिंबाची फोड चोळून सकाळच्या कोवळ्या उन्हात बसायला सांगितलं. तेवढं मात्र मी टाळलं, कारण नागपुरात कोवळं ऊन असतं यावर माझा विश्वास नाही. पुढे कळलं की टाळलं तेच बरं झालं. लिंबाच्या रसात अशी काही द्रव्यं असतात की त्यांच्यावर ऊन पडलं तर कातडी भाजते आणि भाजल्या जागी नवे काळे डाग उठतात. म्हणजे काकूंच्या उपायाने वांग गेला नसताच, उलट त्याला सोबत मिळाली असती.

मेहुण्याचा मार्ग आधुनिक होता. मेडिकलवाल्याने 'आठ दिवसांत फरक' म्हणून दिलेली एक ट्यूब तो वर्षभर लावत होता. फरक पडला होता यात शंका नाही. आधी चेहरा उजळला, मग लालबुंद झाला, मग पुटकुळ्या आल्या आणि गालांवर लव वाढली. ट्यूब बंद केली की आग व्हायची, म्हणून पुन्हा ट्यूब. तीच तो मोठ्या मनाने मला भेट देत होता.

या ट्यूबचा इतिहास मात्र वाचण्यासारखा आहे. 1975 साली अमेरिकेत क्लिगमन आणि विलिस या दोघांनी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टिरॉइड यांचं एक मिश्रण मांडलं. पहिलं रंग बनवणं रोखतं, दुसरं कातडीचा वरचा थर लवकर बदलायला लावतं आणि तिसरं दाह दाबतं. डॉक्टरांच्या नजरेखाली काही आठवडे वापरलं तर औषध चांगलं आहे, पण आपल्याकडे ते गोरं व्हायचं क्रीम म्हणून खपलं. योगायोग असा की फेअर अँड लव्हली भारतात आली तीही 1975 सालीच. 2020 मध्ये तिने नावातला 'फेअर' काढून 'ग्लो' घातलं. स्टिरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम सरकारने 2018 मध्ये केला. मेहुण्याच्या मेडिकलवाल्यापर्यंत तो बहुधा अजून पोचायचा आहे.

शेवटी बायकोने मला धंतोलीत एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे नेलं. जन्मभर लोकांना घराण्यातले आजार विचारत आलेला मी पहिल्यांदाच टेबलाच्या पलीकडे बसलो. वडिलांना होतं का? आईला? थायरॉइड? कुठली औषधं चालू? बायकांना गरोदरपणात किंवा संततिनियमनाच्या गोळ्यांनीही वांग येतो, पण ते दोन प्रश्न त्यांनी माझ्याकडे बघून गाळले.

"ऊन किती लागतं?"

"नागपुरात असतो. स्कूटरवर फिरतो."

"मग पुढचं विचारत नाही," म्हणाल्या.

रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी गोऱ्या-काळ्या सगळ्यांच्या अंगात साधारण सारख्याच असतात, फरक त्यांच्या कामाच्या उरकात असतो, असं त्यांनी सांगितलं. ऊन लागलं की या पेशी मेलॅनिन बनवून कातडीला झाकतात. मला ते लगेच पटलं. मेलॅनिन म्हणजे कातडीने उन्हाविरुद्ध उतरवलेला विमा, फक्त माझ्या गालांनी तो ऐपतीबाहेरच्या रकमेचा उतरवला होता. नुसत्या उष्णतेनेही वांग गडद होतो, म्हणजे शेगडीपाशी उभं राहणंही वाईट. हे मी घरी वारंवार सांगितलं, पण भाजी परतायची पाळी काही चुकली नाही.

औषधांनी माझी बरीच करमणूक केली. हायड्रोक्विनोन हेच द्रव्य जुन्या फोटो स्टुडिओत डेव्हलपर म्हणून वापरत. तिथे ते कागदावर काळं उमटवायचं आणि इथे गालावरचं काळं थोपवायचं. कोजिक आम्ल निघालं ते जपानी लोक ज्या बुरशीने तांदळाची दारू आंबवतात, त्या बुरशीतून. म्हणजे माझ्या चेहऱ्याचा दारूशी संबंध आहे हे कापडवाल्याचं म्हणणं अगदीच निराधार नव्हतं.

गोळी होती ट्रॅनेक्सॅमिक आम्लाची. जपानच्या उताको ओकामोतो या संशोधक बाईंनी पतीच्या जोडीने ती 1962 मध्ये जगापुढे आणली, ती रक्तस्राव थांबवायला. तिच्याने वांगही फिकटतो हे नंतर ध्यानात आलं. ती देण्याआधी डॉक्टरबाईंनी पायात गुठळी, हृदयविकार, पक्षाघात असं सगळं खोदून विचारलं. इतकं बारकाईने मीही कुणाला विचारत नाही; विचारलं तर धंदा बसेल. औषधाच्या दुकानातल्या पोराने चिठ्ठी बघितली आणि भर गर्दीत मला धीर दिला, "वहिनींना म्हणावं घाबरू नका, पाळी दोन दिवसांत आटोक्यात येते." मागे रांगेत आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी उभे होते. संध्याकाळी त्यांची बायको माझ्या बायकोच्या तब्येतीची चौकशी करायला डबा घेऊन आली. डब्यात शिरा होता. आम्ही तो खाल्ला.

पण हे सगळं दुय्यम, खरं औषध सनस्क्रीन, असं डॉक्टरबाईंनी बजावलं. 30 एसपीएफचं सनस्क्रीन कातडी भाजणारे किरण सुमारे 97 टक्के अडवतं आणि 50 चं 98 टक्के. मात्र ही गणितं भरपूर थर दिला तरच खरी. दोन बोटांवर टोकापासून मुळापर्यंत ओळ काढायची आणि तेवढं सगळं चेहऱ्याला आणि मानेला, शिवाय बाहेर असलो तर दर दोन तासांनी पुन्हा. या मापाने लावलं तर ट्यूब चहापत्तीपेक्षा लवकर संपते. त्यातून आपल्यासारख्या सावळ्या कातडीला डोळ्यांना दिसणारा साधा उजेडही वांग आणतो. तो अडवायला रंगीत सनस्क्रीन लागतं, ज्यात लोहाचं ऑक्साइड असतं. गेरूचा रंग ज्याने येतो तेच. आमच्या आजीने तुळशीवृंदावनाला जे फासलं, ते मी आता गालांना फासतो, महाग भावाने. पहिल्या दिवशी लावून निघालो तर बायको बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "माझ्यापेक्षा तुमचाच मेकअप चांगला बसतो."

वर छत्री. मे महिन्यात इथे पारा 45 च्या पुढे जातो. डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला पुरुष सगळ्यांना चालतो, पण छत्री घेतलेला पुरुष दिसला की चौकातली पोरं "काका, पाऊस कुठे आहे?" म्हणून विचारतात.

दिवाळीनंतर ऊन उतरलं तसे डागही उतरू लागले, आणि श्रेयाचे दावे यायला लागले. सासूबाईंनी जायफळाचा दावा केला. काकूंच्या मते मी गुपचूप लिंबू लावलं असणार. मेहुण्याला त्याच्या ट्यूबची खात्री होती. कापडवाला तर म्हणाला, "सोडली ना शेवटी? बेस झालं," आणि त्याने पॉलिसी घेतली, कुटुंबासकट. हे सगळे दावे मी हरकत न घेता मंजूर केले.

एप्रिलमध्ये वांग परत आला. तो पुरता जात नाही, आटोक्यात राहतो, हे डॉक्टरबाईंनी आधीच सांगितलं होतं. या खेपेला मात्र एकही दावेदार फिरकला नाही. सासूबाई, काकू आणि मेहुणा यांचं, ओळखीत प्रथमच, एकमत झालं: डॉक्टर बदला.