कुरखेड्याची न्हाणी

एसटीत मांडीवर आरसा घेऊन बसलं की आपण प्रवासी उरत नाही, सलूनवाले होतो. उमरेडला एकाने भांग पाडला, भिवापूरला मिरचीचं पोतं घेऊन चढलेल्या आजींनी कुंकू सारखं केलं आणि नागभीडला कंडक्टरने मिशी. ब्रह्मपुरी मागे पडून वैनगंगेचा पूल आला, तोवर आरशात पाहायचा राहिलेला मीच.

काकांची न्हाणी गडचिरोली जिल्ह्याबरोबरची, म्हणजे १९८२ची. जिल्ह्यात पुढे काही ना काही होत गेलं. न्हाणीत फक्त शेवाळ. गुलाबी टाइल्सवर क्षारांची पांढरी पुटं, दाराच्या कुजक्या पायावर ठोकलेला तेलाच्या डब्याचा पत्रा, आणि नळ असा की बंद केला की जास्त गळायचा. तोडून नवी करायची तर लाखाची गोष्ट. काकांनी मंजूर केले पाच हजार, तेही "हिशेब पाह्यजे" म्हणून. त्यातलं बरंचसं मी नागपुरातच उडवलं होतं: आरसा, चकचकीत शॉवर, साबणाची स्टीलची जाळी.

वडशाहून गाडी बदलून कुरखेड्याला पोचलो, तर मिस्त्री झोपलेले. दिवाळी झाली की झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम, आणि आमचे मिस्त्री रात्री खलनायक. दुपारी आले ते कानामागे रंग तसाच ठेवून. शॉवरकडे पाहून म्हणाले, "टाकी छपरावर चार फूट. याच्यातून पाणी नाही जी, घाम येईल." शॉवर खोक्यात परतला.

मग त्यांनी लोटाभर पाणी फरशीवर ओतलं आणि उकिडवे बसून राहिले. पाणी जाळीकडे न जाता कोपऱ्यात जाऊन बसलं. "रोग इथं हाय." शेवाळ, वास, कुजकं दार, सगळ्यांचं मूळ तो कोपरा. तिथे आणि जाळीपर्यंतच्या पट्ट्यात कोब्याला टाचे मारले, सिमेंटचा घोळ फिरवला, पाणसळ ठेवून उतार काढला. टाइल्सना हात लावला नाही. मी ॲसिडची बाटली पुढे केली, तर म्हणाले, "डाग जाते, पण जोडातला सिमेंटही खाते." आरीच्या तुटक्या पात्याने जोड खरवडून व्हाइट सिमेंट भरलं, क्षारांवर लिंबू आणि काकूंचा तारेचा घासणा. नळाला नवी चाती, आट्यांना टेफ्लॉन टेप. सिमेंट, मजुरी, चाती धरून जो आकडा झाला, तो नागपुरी आरशापेक्षा कमी होता. काकांनी तो आरशासमोर उभं राहूनच मला वाचून दाखवला.

सिमेंट ओलं असेपर्यंत न्हाणीत पाऊल टाकायचं नाही, असा हुकूम झाला. सगळं घर बोअरिंगवर अंघोळीला. येणारे-जाणारे तिथे थांबून न्हाणीची चौकशी करायचे, अन् आम्ही साबण लावलेल्या तोंडाने प्रगती सांगायचो.

अखेर उद्घाटनाचा दिवस. काका खांद्यावर पंचा टाकून तयार. काकूंनी चुलीवरचं गरम पाणी बादलीत ओतलं. तेवढ्यात मिस्त्री आले. पुराड्याकडे प्रयोग, गाडी दारात उभी, "पाचच मिनिटं जी", म्हणत बादलीसकट आत. कडी लागली. पाण्याचे दोन लोटे पडले आणि आतून खलनायकाचं तीनमजली हसू उठलं. काका पंचा सावरत दोन पावलं मागे सरले.

काकू म्हणाल्या, "आवाज मात्र मस्त घुमते जी."