जर्मनी आहे, परभणी नाही

संगणकाच्या घड्याळाचे बिघाड दोन प्रकारचे असतात: एकात किती वाजले हे त्याला ठाऊक नसते, तर दुसऱ्यात आपण कुठे आहोत हेच त्याला ठाऊक नसते. या दुसऱ्या प्रकाराचे मूळ ‘टाइम झोन’ या सेटिंगमध्ये, म्हणजे एकच प्रमाणवेळ पाळणाऱ्या क्षेत्राच्या नोंदीत असते. नव्याने विंडोज टाकलेला संगणक पुष्कळदा स्वतःला अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर समजतो आणि परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडमध्ये सकाळी दहाला दुकानाचे शटर वर गेले, की हिवाळ्यात आदल्या रात्रीचे साडेआठ दाखवतो. उन्हाळ्यात तिकडे घड्याळे तासभर पुढे करत असल्याने साडेनऊ.

यावरील लोकमान्य उपाय म्हणजे वेळ हाताने बदलणे. त्याने संगणक गंगाखेडला येत नाही, तर कॅलिफोर्नियातच बसून सकाळचे दहा वाजवतो. ईमेलसोबत वेळेबरोबर क्षेत्राचीही नोंद जात असल्यामुळे, हिवाळ्यात अशा संगणकातील मेलच्या प्रोग्रॅममधून सकाळी दहाला परभणीला धाडलेला अर्ज त्या दिवशीच्या, अजून व्हायच्या असलेल्या, रात्री साडेअकराला पाठवल्याचे दिसते, आणि पाठवणाऱ्या कारकुनाची कर्तव्यनिष्ठा कागदोपत्री सिद्ध होते. पुढे इंटरनेटवरून वेळ आपोआप जुळली की पुन्हा साडेआठ वाजतात, आणि दोष व्हायरसवर जातो.

खरा उपाय क्षेत्र बदलण्याचा. परंतु विंडोजमधील क्षेत्रांच्या यादीत गंगाखेड नाही आणि परभणीही नाही. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असे अभिमानाने सांगणाऱ्या जिल्ह्याला हे झोंबावे असेच आहे, कारण बर्लिन यादीत आहे. भारतासाठी चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली अशी एकच ओळ असून ती यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे असते. श्री जयवर्धनेपुरा ही ओळही तितकीच पुढे असल्याने ती निवडली तरी वेळ बरोबर येते. फक्त संगणक लंकेत राहतो.

भारतीय प्रमाणवेळ ज्या ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर बेतलेली आहे ते मात्र या चारांपैकी एकाही शहरातून न जाता मिर्झापूरजवळून जाते. गंगाखेड सुमारे पावणेसत्त्याहत्तर अंशांवर असून एका अंशाला चार मिनिटे या हिशोबाने तिथली स्थानिक वेळ प्रमाणवेळेच्या तेवीस मिनिटे मागे पडते. १९०६ साली प्रमाणवेळ लागू झाल्यानंतरही मुंबईने एकोणचाळीस मिनिटे मागची स्वतःची वेळ अनेक दशके हट्टाने जपली. गंगाखेडने तेवीस मिनिटांसाठी असा हट्ट धरल्याचे ऐकिवात नाही, पण लग्नाचे मुहूर्त पाहता तो अनौपचारिकपणे चालू असावा.

क्षेत्र बरोबर असूनही तारीख काही वर्षे मागे जात असेल, तर मदरबोर्डवरील नाण्याएवढा सीआर २०३२ सेल संपलेला असतो. अशा वेळी संकेतस्थळाच्या ओळखीचा दाखला, म्हणजे सुरक्षा प्रमाणपत्र, संगणकाला अजून सुरूच न झालेले वाटते आणि तो पान उघडायला नकार देतो. सेल स्वस्त असतो. तरीही तो न बदलता रोज सकाळी भिंतीवरच्या कालनिर्णयात पाहून संगणकाला तारीख सांगण्याची पद्धत अधिक रूढ आहे.