गवयाची आवड आणि त्याचे वय

हिंदुस्तानी ख्यालगायकाची संगीतातली आवड आयुष्यभर बदलत राहते आणि प्रत्येक बदलाला तो ‘समज वाढली’ असे म्हणतो. खरे कारण पुष्कळदा गळ्यात असते. गळ्याला जमते ते श्रेष्ठ वाटते. जमेनासे झाले की तेच उथळ ठरते.

बालपणी निवडीचा प्रश्नच नसतो. घरात वाजेल ते आवडते. एके काळी हे काम ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांनी केले. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे गाणे मावे, पण तेवढेही एखाद्याला पुरे. अब्दुल करीम खाँची झिंझोटीतली ठुमरी ऐकून भीमसेन जोशींनी वयाच्या अकराव्या वर्षी गदगचे घर सोडले. ग्वाल्हेर, जालंधर अशी वणवण झाल्यावर गुरू लाभले सवाई गंधर्व, तेही कुंदगोळला, म्हणजे घरापासून हाकेच्या अंतरावर. बाकीच्या मुलांना घर सोडावे लागत नाही. आईवडीलच क्लासला घालतात.

क्लासात आवड अभ्यासक्रमाप्रमाणे चालते. प्रवेशिकेपर्यंत भूप आणि दुर्गा लाडके, कारण पाच स्वरांत भागते. मध्यमेला ते बाळबोध वाटू लागतात. विशारदच्या सुमारास राग आवडेनासे होऊन रागांतले फरक आवडू लागतात: भूप आणि देशकार, मारवा आणि पूरिया. या वयात विद्यार्थी मैफलीत गाणे ऐकत नाही, चुका ऐकतो. अलंकार झाल्यावर तेही ऐकत नाही. तो मांडवाबाहेर चहा घेत आतल्या गाण्यावर बोलत असतो.

विशी तानांची. विलंबित म्हणजे द्रुतापर्यंत पोचायचा नाइलाजाचा रस्ता. तिशीत अनवट रागांचा ताप चढतो. यमन गाणे म्हणजे पाहुण्याला वरणभात वाढणे, असे वाटू लागते. खट, खोकर, रायसा कानडा यांच्या जुन्या चिजांसाठी खटपट सुरू होते, आणि चीज हाती लागली की ती दुसऱ्याच्या हाती लागू नये यासाठी त्याहून मोठी. गाणे संपल्यावर कुणी दबक्या आवाजात ‘राग कोणता होता?’ असे विचारावे, यासारखे सुख या काळात दुसरे नाही. ‘गाणे कसे झाले’ हे कुणी सांगत नाही, हे लक्षात यायला चाळिशी उजाडते. मग यमन परत येतो आणि त्याबरोबर ‘यमनला एक जन्म पुरत नाही’ हे वाक्यही. ते प्रत्येक गवई आपल्यालाच सुचल्यासारखे उच्चारतो.

मल्लिकार्जुन मन्सूर इथे अपवाद. त्यांचा हा ताप कधी उतरलाच नाही. ऐंशीच्या घरातही ते अनवट राग गात आणि श्रोते जागचे हलत नसत. मात्र हा दाखला देणाऱ्या तिशीतल्या गवयाने आपण मन्सूर आहोत का, हे आधी पाहिलेले बरे.

कुमार गंधर्वांचे उदाहरण गळ्याच्या सिद्धान्ताला सोयीचे आहे. क्षयाने एक फुफ्फुस निकामी झाले, देवासला काही वर्षे गाणे बंद राहिले आणि त्या सक्तीच्या विश्रांतीत माळव्याची लोकगीते कानांवर पडत राहिली. पुढे त्यांच्या गाण्यात दिसलेल्या छोट्या, झपकन येणाऱ्या तानांचे श्रेय फुफ्फुसाला द्यायचे की प्रतिभेला, यावर जाणकार अजून भांडतात. सिद्धान्ताची अडचण एवढीच, की दोन्ही फुफ्फुसे ठणठणीत असलेल्या कित्येक तरुणांनीही त्याच ताना उचलल्या.

पन्नाशीनंतर पट्टी उतरते. काळी दोनची पांढरी दोन होते, मग काळी एक. तार षड्जाला ‘आरडाओरडा’ आणि तानांना ‘कसरत’ म्हणायचे दिवस ते हेच. खर्जात अचानक खोली सापडते. अभंग जवळचे वाटू लागतात. त्यात भक्तीचा वाटा असतोच, भरलेल्या सभागृहाचाही असतो. तरुणपणी ‘हलके’ म्हणून बाजूला सारलेले नाट्यसंगीत आता ‘बालगंधर्वांचे’ होऊन सन्मानाने घरात येते. सिनेसंगीताला थोडा अधिक वेळ लागतो. १९५२ साली मंत्री बाळकृष्ण केसकर यांच्या कारकिर्दीत ते आकाशवाणीवरून हद्दपार झाले आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. त्यांत गवई किती, याची मोजदाद गवयांनी होऊ दिली नाही. सत्तरीत मात्र मदनमोहनची गाणी आवडतात हे चारचौघांत सांगता येते. विचारणाऱ्याचे वयही तेवढेच असते.

साथीदारांचे वेगळे. तबलजीला तरुणपणी तुकड्यांना जागा देणारा गायक आवडतो. पुढे कंबर दुखू लागली की अतिविलंबित एकतालाबद्दल त्याची मते कडक होत जातात. पेटीवाल्याला आवड विचारण्याची पद्धतच नाही. आकाशवाणीने तर १९४० पासून सुमारे तीन दशके पेटीलाच दारात उभे केले नव्हते. त्याची आवड मात्र विशीत असते तीच सत्तरीतही टिकते: पट्टी बदलायची असेल तर गवयाने गाणे सुरू करण्याआधी सांगावे.